स्टिम्युलंट दिल्यावर मेंदूत डोपामिन किती सुटलं, पेट स्कॅनने कसं मोजायचं

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की पेट स्कॅनरला (अंगात सोडलेल्या किरणोत्सारी पदार्थाचं चित्र काढणाऱ्या यंत्राला) डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींचा एक निरोप्या रेणू, दिसत नाही. एफएमआरआयला तर नाहीच नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून अंदाज बांधतो, आणि तेवढ्यावरून कोणी "डोपामिन वाढलं" असं ठोकून लिहिलं असेल तर सरळ पुढे स्क्रोल करा. पेटमध्ये आपल्याला दिसतो तो ट्रेसर, म्हणजे आपणच शिरेतून सोडलेला किरणोत्सारी रेणू. या कामातला सगळ्यात जुनाजाणता ट्रेसर म्हणजे कार्बन-११ लावलेला रॅक्लोप्राइड, तो मेंदूत जाऊन डी२ आणि डी३ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या डोपामिन पकडणाऱ्या जागांवर, बसतो, आणि गंमत अशी की डोपामिनलाही तीच जागा हवी असते. गर्दीच्या एसटीसारखं आहे ते, सीट तेवढ्याच, डोपामिनची टोळी चढली की रॅक्लोप्राइडला उभं राहावं लागतं, आणि आपण मोजतो ते किती रॅक्लोप्राइड बसलेलं सापडलं एवढंच. आधी स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चेतवणारं औषध, न देता मोजायचं, मग औषध देऊन मोजायचं, जेवढी घट झाली त्यावरून म्हणायचं की डोपामिन सुटलंय.

म्हणजे सगळी पद्धत वजाबाकीवर उभी आहे, आणि ही वजाबाकी लहान असते. स्टिम्युलंट दिल्यावर रॅक्लोप्राइडचं बाइंडिंग, म्हणजे रिसेप्टरवर बसण्याचं प्रमाण, साधारण १० ते २० टक्के कमी होतं, आणि काहीही न देता त्याच माणसाचा दोनदा स्कॅन केला तरी पाचेक टक्के इकडेतिकडे होतंच. त्यामुळे खाली जे काही सांगतोय, औषधाच्या डोसपासून उशी कुठे ठेवायची इथपर्यंत, ते सगळं या एकाच काळजीपोटी आहे, की हाताला लागलेली ती १० टक्के घट खरंच डोपामिनची आहे की आपल्याच ढिसाळपणाची.

थोडं मागचं सांगतो कारण पेपर वाचताना हीच नावं पुन्हा पुन्हा येतील. रॅक्लोप्राइड माणसात वापरायला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये लार्स फार्डे आणि मंडळींनी १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरुवात केली, तेव्हा डोक्यात होतं ते रिसेप्टर मोजणं. नंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरीत आधी बबून माकडांवर आणि मग माणसांवर काम झालं, आणि १९९४ मध्ये नोरा व्होल्को, जोआना फाउलर वगैरेंच्या टीमने मेथिलफेनिडेट (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकारात देतात ते स्टिम्युलंट) शिरेतून देऊन स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतला, डी२ रिसेप्टरने भरलेला भाग) बाइंडिंग सरासरी २३ टक्के खाली आलेलं दाखवलं. तिकडे येलमध्ये मार्क लारुएलच्या ग्रुपने स्पेक्ट स्कॅनर (पेटचाच भाऊबंद) आणि आयबीझेडएम नावाचा ट्रेसर घेऊन १९९६ मध्ये अँफेटामिनचा प्रयोग केला, स्किझोफ्रेनियाच्या १५ पेशंटमध्ये घट १९.५ टक्के आणि १५ निरोगी लोकांत ७.६ टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतून ब्रायर वगैरेंनी रॅक्लोप्राइड वापरून त्याच दिशेचा निकाल दिला. वेगळी जागा, वेगळा ट्रेसर, वेगळा स्कॅनर आणि उत्तर तेच, म्हणून या पद्धतीवर लोकांचा विश्वास बसला.

औषध आणि ट्रेसरची जोडी

स्टिम्युलंट म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी वाटतात पण डोपामिन वाढवायची त्यांची रीत वेगळी. मेथिलफेनिडेट आणि कोकेन डोपामिन ट्रान्सपोर्टरचं दार बंद करतात, न्यूरॉनने (मेंदूतल्या पेशीने) नेहमीसारखं सोडलेलं डोपामिन परत आत घेताच येत नाही, बाहेर साचत जातं. म्हणजे यात न्यूरॉन मुळात किती फायर होतोय यावर बरंच काही अवलंबून, माणूस कंटाळून पडलाय की उत्सुक आहे यानेही फरक पडू शकतो. अँफेटामिन त्याच ट्रान्सपोर्टरमधून आत घुसतं, आतल्या पिशव्यांमधलं डोपामिन बाहेर सांडवतं आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालवतं, न्यूरॉन फायर होवो न होवो. त्यामुळे "हा माणूस किती डोपामिन सोडू शकतो" असा प्रश्न असेल तर अँफेटामिन बरं, आणि "एडीएचडीच्या गोळीने नेमकं काय होतं" असा प्रश्न असेल तर अर्थात मेथिलफेनिडेट. प्रश्न आधी ठरवा आणि औषध नंतर, उलटं करणारे खूप पाहिलेत.

डोस स्वतःच्या मनाने ठरवायचा नाही, छापून आलेले प्रोटोकॉल आहेत तेच धरा, म्हणजे तुमचा आकडा दुसऱ्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. मेथिलफेनिडेट शिरेतून किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, अँफेटामिन शिरेतून किलोमागे ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, तोंडाने ०.३ ते ०.५, हे नेहमी दिसणारे आकडे. आणि हे अर्थातच हॉस्पिटलमध्ये, डॉक्टर शेजारी उभा असताना, एथिक्स कमिटीच्या परवानगीने, कोणी घरी करून बघायची गोष्ट नाही. वेळेचं गणित यात सगळ्यात जास्त चुकतं. शिरेतून दिलेलं मेथिलफेनिडेट मिनिटांत मेंदूत पोचतं म्हणून ते ट्रेसरच्या जस्ट आधी देतात. गोळी दिली तर निदान तासभर थांबावं लागतं, कारण गोळीचा ट्रान्सपोर्टरवरचा परिणाम चढायला एक-दोन तास घेतो. तोंडाने अँफेटामिन देणाऱ्या काही प्रोटोकॉलमध्ये तर तीन-तीन तास थांबतात. गोळी देऊन २० मिनिटांत स्कॅन सुरू केलात तर "गोळीने काही होत नाही" असं छान, स्वच्छ आणि साफ चुकीचं उत्तर मिळेल. ब्रुकहेवनच्याच २००१ च्या अभ्यासात ६० मिलिग्रॅम गोळीने बाइंडिंग सरासरी २० टक्के खाली आलं होतं, म्हणजे गोळीनेही भरपूर होतं, फक्त दमाने घ्यायला लागतं.

आता ट्रेसर. पुट्टामेन, कॉडेट, व्हेंट्रल स्ट्रायटम (स्ट्रायटमचेच तीन भाग) एवढंच बघायचं असेल तर रॅक्लोप्राइड घ्या आणि शांत झोपा. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, डी२ रिसेप्टर इतके विरळ असतात की तिथे रॅक्लोप्राइड जवळपास आंधळा, तिथला आकडा कोणी देत असेल तर भुवया उंचवा. कॉर्टेक्ससाठी फॅलिप्राइड किंवा एफएलबी-४५७ सारखे घट्ट चिकटणारे ट्रेसर लागतात. फॅलिप्राइडला फ्लोरिन-१८ लावलेलं असतं, त्याचं अर्धायुष्य जवळजवळ ११० मिनिटं, त्यामुळे स्कॅन लांबच लांब. पीएचएनओ हा अजून एक, तो स्वतः अ‍ॅगोनिस्ट आहे म्हणजे डोपामिनसारखाच रिसेप्टर चालू करणारा, अँफेटामिनला रॅक्लोप्राइडपेक्षा जास्त दाद देतो, पण डी३ वर त्याचा जास्त जीव, म्हणून कुठल्या भागात कुठला रिसेप्टर मोजतोय हे बघूनच बोलावं लागतं. आणि डी१ चे ट्रेसर घेऊन डोपामिन मोजायला जाऊ नका, अँफेटामिन देऊनही ते जागचे हलत नाहीत, हे नव्वदीतच तपासून झालंय.

एक स्कॅन की दोन

दोन स्कॅनची पद्धत समजायला सोपी. सकाळी काही न देता किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी) देऊन एक, दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी औषध देऊन दुसरा. कार्बन-११ चं अर्धायुष्य २०.४ मिनिटं, त्यामुळे दोन-अडीच तासांत पहिल्या इंजेक्शनचं नावनिशाण उरत नाही आणि एका दिवसात दोन्ही स्कॅन उरकता येतात. पण एका दिवसात करायचे तर औषधाचा स्कॅन नेहमी दुसराच, उलट केलंत तर औषध अंगात असतानाच बेसलाइन (बिनऔषधाचा आकडा) मोजाल, अँफेटामिन तासन् तास रेंगाळतं. अडचण कळली ना, क्रम फिरवता येत नाही म्हणजे "दुसरा स्कॅन" आणि "औषधाचा स्कॅन" एकमेकांत मिसळले, माणूस दुपारी थकलेला असतो, वैतागलेला असतो. हात सैल असेल, पैसे असतील, तर वेगवेगळ्या दिवशी एकाच वेळेला करा आणि क्रम पेशंटगणिक बदला.

दुसरी पद्धत बोलस-प्लस-इन्फ्युजन. थोडा ट्रेसर एकदम आणि उरलेला पंपाने हळूहळू सोडत राहायचा, ३०-४० मिनिटांत स्ट्रायटमची पातळी सपाट होते, मग त्याच स्कॅनमध्ये, माणूस पलंगावरच असताना औषध द्यायचं आणि पातळी कशी उतरते ते बघायचं. एकाच स्कॅनमध्ये आधी आणि नंतर, दोन्ही. मला वैयक्तिक हीच आवडते कारण माणूस तोच, बॅच तीच, डोकं त्याच जागी (थोडंफार), आणि स्टिम्युलंटमुळे रक्तप्रवाह बदलतो त्याचा त्रासही इथे कमी होतो. पण शेवटी शेवटी काउंट (स्कॅनरने टिपलेले किरण) इतके कमी उरतात की कर्व्ह थरथरायला लागते, ९० मिनिटं म्हणजे चारहून जास्त अर्धायुष्यं झाली, बॅच जोरदार नसेल तर शेवटच्या फ्रेममध्ये नुसता नॉइज.

माणसं निवडताना

हार्टची तक्रार, हाय ब्लड प्रेशर, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस, प्रेग्नन्सी, ही माणसं बाहेर. ईसीजी काढा, लघवीत ड्रग स्क्रीन त्याच दिवशी सकाळी पुन्हा करा, आठवड्यापूर्वीची चालत नाही. अँटिसायकोटिक गोळ्या चालू असतील तर रिसेप्टर आधीच बुजलेले असतात आणि मोजायला काही उरतच नाही. वय जुळवा, कारण डी२ रिसेप्टर वयाबरोबर कमी होत जातात आणि २५ वर्षांच्या पोरांशी ५० च्या लोकांची तुलना केली तर काहीही सिद्ध करता येतं.

आणि चहा-कॉफी! हे लोक विचारत नाहीत. ३०० मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर रॅक्लोप्राइडचं बाइंडिंग कमी नाही तर उलट थोडं वाढलेलं व्होल्कोंच्याच ग्रुपने २०१५ मध्ये छापलंय. म्हणजे एकाने सकाळी दोन मग फिल्टर कॉफी ढोसली आणि दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी नाही घेतली, तर तुमची वजाबाकी तिथेच वाकडी झाली. कॅफिन बंद ठेवा, किंवा निदान दोन्ही दिवशी सारखं ठेवा, आणि विचारून फॉर्मवर लिहून घ्या. सिगरेटचंही तसंच. झोपेचंही. रात्रभर जागवलेल्या लोकांत रॅक्लोप्राइडचं बाइंडिंग खाली आलेलं दिसलं, पहिल्यांदा वाटलं डोपामिन वाढलंय, मग त्याच ग्रुपने मेथिलफेनिडेट देऊन तपासलं तर डोपामिनची वाढ जागरणानंतरही तेवढीच, म्हणून निष्कर्ष असा निघाला की रिसेप्टरच कमी उपलब्ध झालेत. हे उदाहरण लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

आधी स्टिम्युलंट घेतलेत का हेही नीट विचारायचं. मॉन्ट्रियलच्या ग्रुपने निरोगी तरुणांना थोडे दिवस अँफेटामिनचे डोस दिले आणि नंतर मोजलं तर प्रतिसाद वाढलेला, आणि तो वर्षभरानेही वाढलेलाच. त्यांनीच पुढे दाखवलं की त्याच खोलीत, त्याच थाटात नुसती प्लासिबोची गोळी दिली तरी या लोकांत डोपामिन हललं. तेव्हा खोली, नर्स, ट्रे, गोळीचा रंग सगळं दोन्ही स्कॅनला सारखं पाहिजे, आणि आज काय देतोय हे माणसाला आणि शक्यतो समोरच्या नर्सलाही कळता कामा नये.

भारतात कोणाला करायचं असेल तर कागदपत्रांनाच बराच वेळ द्या. मेथिलफेनिडेट आणि अँफेटामिन दोन्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात, औषधाची नोंद आणि साठा यावर नजर असते, शिवाय एथिक्स कमिटी, किरणोत्सारी पदार्थांसाठी एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम, आणि ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) आधी नोंदणी. आणि कार्बन-११ साठी सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, त्याच आवारात पाहिजे, २० मिनिटांचा माल खारघरहून पुण्याला पाठवता येत नाही, एक्सप्रेसवेला लागेपर्यंतच अर्धा उडालेला असेल.

स्कॅनचा दिवस

सायक्लोट्रॉनमध्ये नायट्रोजन वायूवर प्रोटॉन आदळून कार्बन-११ बनतो, तिथून तो मेथिल आयोडाइड किंवा मेथिल ट्रायफ्लेटच्या रूपात आणून रॅक्लोप्राइडच्या आधीच्या रेणूला चिकटवतात, मग शुद्धीकरण, मग क्वालिटी कंट्रोल, आणि हे सगळं घड्याळाशी मारामारी करत. केमिस्टचा फोन आला की तुमचा माणूस आधीच पलंगावर, दोन शिरांत लाइन टाकलेला, एक ट्रेसरला आणि एक औषधाला, आणि बाथरूमला जाऊन आलेला पाहिजे. बाथरूमचं हसण्यावारी नेऊ नका, तासभर पडून राहायचंय, शेवटची २० मिनिटं लघवी दाबून चुळबुळ करणाऱ्या माणसाचा डेटा कचरा होतो.

ट्रेसरचा नेहमीचा डोस ३७० मेगाबेक्वेरलच्या (किरणोत्साराचं माप) आसपास, एका स्कॅनचं रेडिएशन साधारण २ मिलिसीव्हर्ट. पण मेगाबेक्वेरलइतकंच महत्त्वाचं म्हणजे मास, किती मायक्रोग्रॅम थंड, म्हणजे किरणोत्सार नसलेला रॅक्लोप्राइड सोबत गेला. दुसरी बॅच कमकुवत निघाली, किंवा केमिस्टकडून यायला उशीर झाला, तर तेवढीच अ‍ॅक्टिव्हिटी द्यायला जास्त द्रव द्यावा लागतो आणि थंड रॅक्लोप्राइड जास्त जातो, तोच थंड माल रिसेप्टर अडवून बसतो, बाइंडिंग खाली येतं आणि तुम्ही खुशीत डोपामिन सुटलं म्हणून लिहिता. दोन्ही स्कॅनचा मास टेबलमध्ये शेजारी शेजारी टाका आणि ग्राफवर घटीशी त्याचं नातं दिसतंय का बघा. इंजेक्शननंतर सिरिंजमध्ये उरलेली अ‍ॅक्टिव्हिटी पण मोजायची, आणि तिची वेळ लिहायची, आणि ती वेळ स्कॅनरच्या घड्याळाशी जुळलेली पाहिजे, भिंतीवरच्या नाही.

डोकं ठेवताना सगळ्यांचं लक्ष स्ट्रायटमकडे असतं, पण तुमचा अर्धा जीव सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) आहे. तिथे डी२ रिसेप्टर नगण्य, म्हणून ते रेफरन्स म्हणून, म्हणजे तुलनेचा पाया म्हणून वापरतो, आणि ते नेमकं स्कॅनरच्या खालच्या कडेला येतं जिथे सिग्नल सगळ्यात खराब. माणसाला जरा वर सरकवा, पूर्ण सेरेबेलम आत घ्या. डोक्याला मास्क किंवा पट्टा लावा. आणि हे विसरू नका की अँफेटामिन दिलेला माणूस बडबड्या, चुळबुळ्या होतो, म्हणजे हालचाल औषधाच्याच स्कॅनमध्ये जास्त होणार, ती दोन्हीकडे सारखी वाटली जाणार नाही. हललं की स्ट्रायटमची कड धूसर होते, आकडा पडतो, आणि तो पडतो त्याच बाजूला ज्या बाजूला तुम्हाला हवा असतो. १९९८ चा तो व्हिडिओ गेम खेळताना डोपामिन सुटतं दाखवणारा गाजलेला अभ्यास आहे ना, नंतर त्याच्यावर लोकांनी घेतलेल्या शंकांमध्ये डोक्याची हालचाल आणि रक्तप्रवाह हेच मुद्दे होते.

ब्लड प्रेशर आणि नाडी दर काही मिनिटांनी, आणि सोबत "किती हाय वाटतंय, अजून हवंसं वाटतंय का, अस्वस्थ वाटतंय का" हे शून्य ते दहात विचारत राहायचं. हे कंटाळवाणं वाटतं पण नंतर बाइंडिंगची घट आणि माणसाला काय वाटलं यांचा संबंध यातूनच निघतो. ट्रान्सपोर्टर मोजणाऱ्या अशाच एका कामात, १९९७ मध्ये, कोकेनने निदान ४७ टक्के ट्रान्सपोर्टर अडवल्याशिवाय लोकांना काही जाणवलंच नाही असं दिसलं होतं, हे कळलं कारण कोणीतरी मिनिटामिनिटाला विचारत बसलं होतं.

हिशोब

एमआरआयवर पुट्टामेन, कॉडेट, व्हेंट्रल स्ट्रायटम आणि सेरेबेलमचे भाग काढा, फ्रेम एकमेकांवर जुळवून हालचाल दुरुस्त करा, पेट एमआरआयवर बसवा, मग प्रत्येक भागाची वेळेनुसार कर्व्ह काढा. मॉडेल म्हणून बहुतेक जण लामर्ट्स्मा आणि ह्यूम यांचं १९९६ चं सिम्प्लिफाइड रेफरन्स टिश्यू मॉडेल लावतात, किंवा लोगन प्लॉट. रक्ताचे सॅम्पल घ्यायची गरज नाही ही त्याची मेहरबानी. बोलस-प्लस-इन्फ्युजन करून सपाट पातळीवर असाल तर गणित अजून सोपं, स्ट्रायटम वजा सेरेबेलम, भागिले सेरेबेलम, यालाच बाइंडिंग पोटेन्शियल म्हणतात.

आकडे घालून बघा, माझेच बनवलेले आहेत. बेसलाइनला पुट्टामेन १२, सेरेबेलम ३, म्हणजे बाइंडिंग पोटेन्शियल ३.०. औषधानंतर पुट्टामेन १०.६५, सेरेबेलम ३, आकडा २.५५, घट १५ टक्के, झकास. आता समजा औषध काहीच करत नाही, पुट्टामेन तसाच १२, पण दुसऱ्या स्कॅनला डोकं जरा खाली सरकलं आणि सेरेबेलम ५ टक्के जास्त मोजलं गेलं, ३.१५. तर उत्तर येतं २.८१, म्हणजे ६ टक्क्यांहून जास्त घट, डोपामिनचा एक कणही न हलता. लारुएलच्या अभ्यासातली निरोगी लोकांची सरासरी ७.६ टक्के होती हे आठवतंय ना वरचं? म्हणून पहिला ग्राफ सेरेबेलमचा काढायचा, दोन्ही स्कॅनमधला, आणि तो एकावर एक बसत नसेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

व्हेंट्रल स्ट्रायटम हा सगळ्यांचा लाडका कारण नशा, बक्षीस, चटक सगळं तिथे, पण तो छोटासा आहे आणि जुन्या स्कॅनरमध्ये शेजारच्या भागाचा सिग्नल त्यात सांडतो. तिथली घट बाकीच्यांपेक्षा जास्त दिसते हे बऱ्याच अँफेटामिनच्या अभ्यासांत आलंय, तरी पार्शियल व्हॉल्यूमची (या सांडण्याची) दुरुस्ती करून आणि न करून दोन्ही आकडे द्या, लपवू नका.

१५ टक्के म्हणजे किती

१५ टक्के घट म्हणजे डोपामिन १५ टक्के वाढलं असं नाही. माकडांमध्ये पेट आणि मायक्रोडायलिसिस (मेंदूत बारीक नळी घालून डोपामिन थेट मोजणं) दोन्ही करून पाहिलंय, बाइंडिंग १०-२० टक्के उतरतं तेव्हा पेशींबाहेरचं डोपामिन कैक पटींनी चढलेलं असतं. आणि अँफेटामिन कितीही दिलं तरी बाइंडिंग शून्याकडे जात नाही, मध्येच कुठेतरी अडकतं, याचं एक स्पष्टीकरण असं की सगळे रिसेप्टर डोपामिनला घट्ट धरणाऱ्या अवस्थेत नसतात. त्यावर आणखी गुंता म्हणजे डोपामिनची लाट ओसरली तरी बाइंडिंग तासन् तास खालीच राहतं, रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात हा त्यामागचा आवडता अंदाज. तेव्हा ही मोजणी सापेक्ष आहे, या गटात त्या गटापेक्षा जास्त की कमी एवढं ती बऱ्यापैकी सांगते, मोलमध्ये हिशोब मागू नका.

गट तुलना करताना अजून एक फट. व्यसनी लोकांत बेसलाइनचे डी२ रिसेप्टरच कमी असतात. १९९७ मध्ये कोकेनचं व्यसन असलेल्या, सोडवलेल्या लोकांना मेथिलफेनिडेट दिलं तर घट ९ टक्के आणि इतरांत २१ टक्के आली, म्हणजे त्यांच्यात डोपामिन कमी सुटतं असं वाचलं गेलं, आणि पुढच्या कामांनीही त्याला दुजोरा दिला. पण प्रत्येक वेळी विचारायचं की सुटणं कमी आहे की रिसेप्टरची अवस्था वेगळी आहे, जागरणाच्या उदाहरणात तेच झालं होतं. याची एक तपासणी म्हणजे अल्फा-मेथिल-पॅरा-टायरोसिन देऊन डोपामिन बनणंच तात्पुरतं कमी करायचं आणि बाइंडिंग किती वर येतं ते बघायचं, म्हणजे बेसलाइनला किती सीट डोपामिनने अडवल्या होत्या ते कळतं. माणसाला दोन दिवस सुस्त करणारं आणि जिकिरीचं काम आहे, पण प्रश्न तसाच असेल तर पर्याय नाही. प्राण्यांवर करणाऱ्यांनी भूल देणारं औषध सांभाळावं, आयसोफ्लुरेनखाली माकडांत स्टिम्युलंटचा प्रतिसाद फुगलेला दिसतो, जाग्या प्राण्याशी तो जुळत नाही.

रिझल्टमध्ये सरासरीसोबत प्रत्येक माणसाची रेघ द्या, बेसलाइनपासून औषधापर्यंत. १९९४ च्या त्या २३ टक्क्यांच्या मागे १५ चं स्टँडर्ड डेव्हिएशन होतं, म्हणजे कोणाचं खूप पडलं आणि कोणाचं जेमतेम, आणि खरा रस तर त्यातच आहे.

स्कॅनर नाही, सायक्लोट्रॉन नाही, नुसतं शिकायचंय असं असेल तरी घरबसल्या बरंच होतं. ओपनन्यूरो या साइटवर पेटचे डेटासेट उघडे पडलेत, बिड्स फॉरमॅटमध्ये (डेटा मांडायची एक ठरलेली पद्धत), मॉडेलिंगसाठी आर भाषेतलं किनफिटआर फुकट आहे, फ्रीसर्फरमध्ये पेटसर्फर आहे, आणि फिनलंडच्या तुर्कू पेट सेंटरने मॉडेलांवर इतकं सविस्तर लिहून ठेवलंय की क्लास लावायची गरज नाही. सुरुवात अशी करा, मॉडेलमधून बाइंडिंग ३.० आणि २.५५ च्या दोन खोट्या कर्व्ह बनवा, त्यात खऱ्या स्कॅनइतका नॉइज घाला, हजार वेळा फिट करा, आणि किती वेळा १५ टक्के परत मिळतात ते मोजा. मग फ्रेम ९० ऐवजी ६० मिनिटांवर कापा आणि पुन्हा करा. मग सेरेबेलम ५ टक्के बिघडवा. स्कॅनरवर वेळ मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न "किती माणसं लागतील" हाच येतो, आणि त्याचं उत्तर याच तीन ग्राफमधून काढून न्यायचं असतं.